कॅशेची रचना कर्नलने प्रोग्रामला कशी सांगावी? तीन वाटा

कॅशे म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, नव्या प्रोसेसरचा आधार घालताना तिची रचना प्रोग्रामला कशी सांगायची हा प्रश्न येतोच. कॅशेचा आकार सांगणं सोपं, खरी गोम आहे ती कोणते कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) कोणती कॅशे वाटून घेतात यात. एएमडीचा एपिक ७७४२ पाहा. ६४ कोअर, एल३ म्हणजे तिसऱ्या पातळीची कॅशे (एल१ कोअरच्या सगळ्यात जवळची) एकूण २५६ एमबी. पण ती १६-१६ एमबीच्या सोळा तुकड्यांत आहे आणि एकेक तुकडा चारच कोअरचा. नुसता २५६चा आकडा धरून बफर बेतला तर फसगत ठरलेली. म्हणून तिन्ही पर्यायांना मी हीच कसोटी लावतो.

पहिली वाट म्हणजे कर्नलने हात वर करायचे आणि प्रोग्रामने थेट प्रोसेसरला विचारायचं. इंटेल-एएमडीच्या एक्स८६ घराण्यावर प्रोसेसरची माहिती देणारी सीपीयूआयडी सूचना आहेच. मात्र इंटेल आणि एएमडी ही माहिती वेगवेगळ्या लीफमध्ये (उत्तराच्या क्रमांकित कप्प्यांत) ठेवतात, आणि उत्तर मिळतं ते ज्या कोअरवर सूचना चालली त्याचं. म्हणजे एकेका कोअरवर थ्रेड बांधून विचारत फिरा. आर्मवर कॅशेचं वर्णन करणारे रजिस्टर साध्या प्रोग्रामला वाचताच येत नाहीत. सगळीकडे चालणारा इंटरफेस हवा असेल तर ही वाट इथेच बंद होते.

दुसरी वाट ऑक्झिलरी व्हेक्टरची: प्रोसेस सुरू होतानाच कर्नल काही आकडे हातात देतो. लिनक्समध्ये पॉवरपीसी हेच करतं. एकाच आकड्यात खालचे १६ बिट लाइनचा (कॅशे एका वेळी आणते त्या तुकड्याचा) आकार, त्यावरचे १६ असोसिएटिव्हिटी (एका पत्त्याचा डेटा कॅशेत किती जागी बसू शकतो). फाइल उघडायची नाही, सी लायब्ररी उभी राहण्याआधीही हाताशी. मेमरी कॉपीसारख्या फंक्शनला एवढं पुरतं. पण आकडा अख्ख्या प्रोसेसला एकच. इंटेलच्या अल्डर लेकमध्ये मोठ्या कोअरची एल१ डेटा कॅशे ४८ केबी, छोट्याची ३२. मग कोणता द्यायचा? वाटणी सांगायला तर इथे जागाच नाही.

तिसरी वाट सिसएफएसची, म्हणजे कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो त्या व्यवस्थेची, आणि माझा कौल हिलाच. दर सीपीयूखाली 'कॅशे' डिरेक्टरी, तिच्यात इंडेक्स०, इंडेक्स१ असे कप्पे, प्रत्येकात लेव्हल, टाइप, साइझ आणि सगळ्यात मोलाची शेअर्ड_सीपीयू_लिस्ट. तिच्यात '०-३' असं काही दिसलं की वाटणी कळली. लिनक्समध्ये आधी एक्स८६, पॉवरपीसी, एस३९० यांचा याच कामाचा कोड वेगवेगळा होता. पुढे त्यासाठी सामाईक कोड आला; तो वापरणाऱ्या आर्किटेक्चरने (प्रोसेसर घराण्याच्या कोडने) फक्त तक्ता भरायचा, फाइली सामाईक कोड बनवतो. माहिती डिव्हाइस ट्रीतून येवो की एसीपीआयच्या पीपीटीटी तक्त्यातून (दोन्ही कर्नलला हार्डवेअरचं वर्णन देण्याच्या पद्धती), वाचणाऱ्याला फरक पडत नाही.

एक बारकावा मला विशेष आवडतो. आकार माहीत नसेल तर साइझ ही फाइलच दिसत नाही. जीलिबसी या लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीचं सिसकॉन्फ फंक्शन अशा वेळी अनेकदा शून्य देतं, आणि कॅशे नाही की माहिती नाही हे कळायला मार्ग उरत नाही.

तोटा वेगाचा. १२८ लॉजिकल सीपीयू (कर्नलला वेगळे दिसणारे सीपीयू) आणि प्रत्येकी चार इंडेक्स म्हटलं की ५१२ डिरेक्टऱ्या, त्याही डझनभर फाइलींच्या. एकदाच वाचून ठेवा, पण सीपीयू ऑफलाइन गेला की त्याची 'कॅशे' डिरेक्टरी नाहीशी होते, हे ध्यानात असू द्या. आणि इंडेक्स३ म्हणजे एल३ असं गृहीत धरू नका. एल१ सूचना आणि डेटा अशी दुभंगलेली असते म्हणून एरवी ते जुळतं इतकंच. लेव्हल वाचा.