तांब्याची की मातीची? मेस्कालच्या दोन बाटल्या निवडताना

मेक्सिकोहून भारतात परतताना माणशी २ लिटर मद्य शुल्क न भरता आणता येतं. म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. टकिला इथेही मिळते, म्हणून या दोन्ही जागा टकिलाच्याच जातकुळीतल्या मेक्सिकन दारूला, मेस्कालला द्या असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: लेबलवर ‘आर्तेसानाल’ लिहिलेली घ्यायची की ‘आंसेस्त्राल’?

ही नावं जाहिरातीची नाहीत. मेक्सिकोच्या २०१६ च्या मानकाने मेस्कालचे तीन वर्ग ठरवले आहेत. नुसतं ‘मेस्काल’ लिहिलेलं असेल तर कारखान्यातले वाफेचे बंद हौद आणि स्टीलचे उंच स्तंभ चालतात. तो वर्ग इथेच सोडून देऊ. उरलेल्या दोघांची सुरुवात बहुधा एकाच ठिकाणी होते, जमिनीतल्या खड्ड्यात. आपल्याकडे बांधावर घायपात असते, जिचा वाख काढून दोर वळतात, तिच्याच कुळातली ही झाडं. पानं छाटली की मधला गड्डा उरतो. तो अननसासारखा दिसतो, म्हणून त्याला ‘पिन्या’ म्हणतात. तापलेल्या दगडांवर हे गड्डे रचून वरून माती लोटतात आणि तीन ते पाच दिवस भाजू देतात. मेस्कालचा धुरकट वास इथून येतो. त्यामुळे ‘धूर कशात जास्त?’ या प्रश्नाने दोघांत निवड होणार नाही.

फाटा फुटतो तो पुढे. आंसेस्त्रालमध्ये भाजलेले गड्डे लाकडी मोगरीने कुटायचे किंवा जनावराने ओढलेल्या दगडी चाकाखाली चिरडायचे. चुन्याचा घाणा पाहिला असेल त्याला हे चाक लगेच ओळखू येईल. आर्तेसानालमध्ये हे चालतंच, शिवाय यंत्राने तुकडे केले तरी चालतात. पण जिभेवर कळणारा मोठा फरक दारू गाळण्याच्या भांड्याचा आहे. आंसेस्त्राल मातीच्याच भांड्यात, थेट जाळावर आणि चोथ्यासकट गाळावी लागते. आर्तेसानालला तांब्याची भट्टी चालते आणि बहुतेकांकडे तीच असते.

दोन्ही पद्धती एकाच राज्यात, वाहाकात बघायला मिळतात. सान्तियागो मातातलान हे तांब्याचं गाव, सांता कातारिना मिनास हे मातीचं. मिनासमध्ये खालचं मडकं चुलीत बसवलेलं असतं. त्यावर बिनबुडाचं दुसरं मडकं आणि त्यावर थंड पाण्याचं पातेलं. वाफ पातेल्याच्या बुडाला लागून निवते, थेंब आतल्या पन्हळीत पडतात आणि बोरूच्या नळीतून बाहेर येतात. विदर्भात मोहाची दारू गाळताना पाहिलेल्या माणसाला ही मांडणी परकी वाटणार नाही. मडकी लहान असतात, तडकतात, बदलावी लागतात. म्हणून माल थोडा निघतो आणि किंमत चढते. ती किंमत मला रास्त वाटते.

चवीचं म्हणाल तर तांबं गंधकाचे उग्र वास ओढून घेतं, त्यामुळे धार स्वच्छ लागते आणि झाडाचा गोडवा नीट कळतो. मातीतून आलेली दाट लागते, तिला ओल्या मातीचा, किंचित खारा वास असतो. ज्याने मेस्काल कधीच घेतलं नाही त्याने मातीपासून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता झाड. इथे बहुतेक जण फसतात. दुकानदार तोबाला किंवा तेपेस्ताते या जातींची बाटली पुढे करतो, कारण ती झाडं रानातली, दुर्मीळ आणि महाग. एस्पादीन ही जात लागवडीची असते आणि साधारण सहा ते आठ वर्षांत तयार होते. तोबालाला त्याहून बरीच जास्त वर्षं लागतात, तेपेस्तातेला तर वीसच्या पुढे. तोबालाला सहसा बुडाशी पिलंही फुटत नाहीत, ती बियांवर वाढते. गड्ड्यात साखर राहावी म्हणून झाड फुलण्याआधीच तोडतात किंवा त्याचा दांडा छाटतात. मग बी धरत नाही आणि या फुलांवर जगणाऱ्या वटवाघळांनाही काही मिळत नाही. लागवडीची असल्याचं लेबलवर नसेल तर तोबाला मी घेत नाही.

म्हणून माझा सल्ला: दोन्ही बाटल्या एस्पादीनच्याच घ्या, एक तांब्याची, एक मातीची. झाड तेच राहिलं की भट्टीने काय केलं ते स्वच्छ कळतं. एकीत तोबाला आणि दुसरीत एस्पादीन घेतलीत, तर फरक कशाचा हेच समजणार नाही.

लेबलवर गाळणाऱ्याचं नाव, गाव, झाड आणि बॅचचा क्रमांक शोधा. मानकात ३५ ते ५५ टक्के अल्कोहोल बसतं. मी ४५ च्या खाली जात नाही, कारण पाणी वाढलं की अंग जातं. जुने कारागीर बोरूच्या नळीने दारू वाडग्यात सोडून बुडबुडे किती वेळ टिकतात यावरून जोर ओळखतात. पहिल्या धारेची वेगळी काढून मग जोर बसवण्यापुरती परत मिसळायची, हेही तिथे चालतं. शाकाहारी असाल तर ‘पेचुगा’ लिहिलेली टाळा, तिच्यात शेवटच्या वेळी गाळताना कोंबडीचं मांस टांगतात. बाटलीत अळी असलेली तर कुणीच घेऊ नये.

मेस्कालसारख्याच इतर मेक्सिकन दारूही आहेत: राइसिया हालिस्को राज्याची, बाकानोरा सोनोरा राज्याची. बाकानोरावर १९१५ पासून १९९२ पर्यंत बंदी होती, तरी डोंगरात लोकांनी ती गाळत ठेवली. सोतोल वेगळ्याच झाडाची असते. या तिन्ही पुढच्या खेपेला. ‘देस्तिलादो दे आगावे’ (याच कुळातल्या झाडाची गाळलेली दारू) एवढंच लिहिलेली बाटली मात्र हलकी समजू नका. प्रमाणपत्राचा खर्च नको म्हणून कित्येक चांगले कारागीर ‘मेस्काल’ हा शब्दच लावत नाहीत.

घरी आल्यावर बर्फ, मीठ, लिंबू काही नको. दोन्ही बाटल्या एकाच संध्याकाळी उघडा आणि एकेका तळहातावर एकेकीचे दोन थेंब चोळा. अल्कोहोल उडून गेलं की भाजलेल्या गड्ड्याचा वास मागे राहतो. आधी तोच हुंगा, मग घोट घ्या.