११ महिने ब्लेंडर, मी, आणि मागे उभं राहून बघणारं कोणीच नाही

आधीच सांगते, हा रिव्ह्यू ब्लेंडर या थ्रीडी अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरचा आहे पण अर्धाच. उरलेला अर्धा एकटीने अॅनिमेशन शिकण्याचा, कारण क्लास जवळपास नाही, हे काम करणारं ओळखीचं कोणी नाही, आणि कीफ्रेम (ज्या फ्रेमला आपण पोझ पक्की करतो ती, थोडक्यात 'की') म्हणजे काय हे घरात ज्याला ज्याला सांगायला गेले त्याने विषय बदलला. लॅपटॉप १६ जीबी रॅमचा, ग्राफिक्स कार्ड साधंच. सुरुवातीला ४.२ व्हर्जन टाकलं आणि अजून तेच आहे, ते एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट) आहे म्हणजे दोन वर्षं त्यात फक्त दुरुस्त्या येतात, बटणं जागा सोडून पळत नाहीत. एकटं शिकणाऱ्याने एलटीएसच घ्यावं हे माझं ठाम मत.

फुकट आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचा खरा फायदा मला तिसऱ्या महिन्यात कळला. २००२ मध्ये ब्लेंडर बनवणारी कंपनी बंद पडली तेव्हा टॉन रोझेंडालने लोकांकडून सात आठवड्यांत १ लाख युरो जमवून सोर्स कोड सोडवून आणला आणि जीपीएल या खुल्या लायसन्सखाली सगळ्यांना दिला, त्यामुळे ट्रायल संपणं, लायसन्स रिन्यू करणं ही भानगडच नाही. मध्ये तीन आठवडे मी फाइल उघडलीच नाही, परत आले तर सगळं जसंच्या तसं. महिन्याला भाडं भरावं लागत असतं तर त्या अपराधी भावनेनेच सोडून दिलं असतं बहुतेक. आणि फुकट म्हणजे पोरखेळ असं कोणी म्हणालं तर २०२५ चं ऑस्कर मिळवणारा 'फ्लो' हा सिनेमा ब्लेंडरमध्येच बनलाय एवढं सांगते आणि गप्प बसते.

पहिली मोठी चूक माझीच. अॅनिमेशन शिकायला बसले आणि दोन महिने मॉडेलिंग करत राहिले, कारण वाटलं आधी स्वतःचं कॅरेक्टर पाहिजे. त्याला नाक बसवलं, केस बसवले, मग हाडं घालायला गेले तर कोपर वाकवल्यावर दंड पिळल्यासारखा व्हायचा. नंतर कळलं ब्लेंडर स्टुडिओचे 'रेन' आणि 'स्नो' हे तयार रिग (आत हाडं बसवलेली कॅरेक्टर्स) फुकट मिळतात, उघडा आणि हलवायला लागा. सांगणारं कोणी असतं तर दोन महिने वाचले असते, असो.

ट्युटोरियल्स भरपूर आहेत, अति आहेत. त्रास त्यांच्या वयाचा. २.८० व्हर्जनच्या आधीच्या व्हिडिओत माणूस राइट क्लिकने सिलेक्ट करतो, आता लेफ्ट क्लिक. कीबोर्डवर आय दाबला की कीफ्रेमचा मेनू येतो असं दाखवतात, मी दाबतेय दाबतेय मेनू येतच नाही, वाटलं कीबोर्ड गेला, तर ४.१ पासून आय थेट कीफ्रेम टाकतो आणि मेनू 'के' या बटणावर गेलाय! व्हिडिओ बघण्याआधी त्यातलं व्हर्जन बघायचं ही सवय मला चौथ्या महिन्यात लागली.

आता तो किस्सा, ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसले. मी जे काय अॅनिमेट करायचे ते सगळं पाण्याखाली चालल्यासारखं दिसायचं. उडी मारली की माणूस चंद्रावर असल्यासारखा हळूहळू खाली यायचा. डिस्नीच्या दोन जुन्या अॅनिमेटर्सनी १९८१ मध्ये लिहून ठेवलेली बारा तत्त्वं आहेत, स्क्वॉश-स्ट्रेच (दबणं-ताणणं), अँटिसिपेशन (हालचालीआधीची तयारी), टायमिंग वगैरे, ती एकेक करून तपासली. कर्व्ह (हालचाल कशी बदलते ते दाखवणाऱ्या रेषा) बदलले, पोझ बदलल्या, रिग बदलला. मोबाइलवर स्वतःच्या उड्यांचे व्हिडिओ काढून, ते कॅमेऱ्याच्या बॅकग्राउंडला लावून फ्रेम टू फ्रेम कॉपी केलं, तरी तेच. सहा आठवडे असे गेले आणि मला खरंच वाटायला लागलं की आपल्याला हे जमणारं नाही, काही लोकांना सूर कळत नाही तसं आपल्याला टायमिंग कळत नसेल.

शेवटी वैतागून टेबलावरून चेंडू पाडला, त्याचा व्हिडिओ घेतला आणि शाळेतलं फिजिक्स काढलं. पाऊण मीटरवरून पडायला साधारण ०.३९ सेकंद लागतात, २४ एफपीएसच्या (सेकंदाला २४ फ्रेम) हिशोबाने ९ ते १० फ्रेम. माझ्या व्हिडिओत मोजल्या तर १२. परत मोजल्या, १२. मग डोक्यात प्रकाश पडला, मोबाइल ३० एफपीएसने शूट करत होता आणि माझा सीन २४ चा. बॅकग्राउंडला लावलेला व्हिडिओ सीनच्या एका फ्रेमला आपली एक फ्रेम दाखवतो, म्हणजे खऱ्या एका सेकंदाचे माझ्याकडे सव्वा सेकंद होत होते, आणि मी ते अगदी मन लावून, इमानदारीत कॉपी करत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा. मागे उभं राहून कोणी दोन मिनिटं बघितलं असतं तर लगेच सांगितलं असतं. सॉफ्टवेअरमध्ये सगळं आहे, हे दोन मिनिटं बघणारं माणूस तेवढं नाही.

बाकी ग्राफ एडिटर, म्हणजे हे कर्व्ह दिसतात ती खिडकी, मला प्रचंड आवडतो, पहिले तीन महिने मी त्याला घाबरून उघडलाच नव्हता हा भाग वेगळा. डिफॉल्टला दोन कीच्या मधलं सगळं बेझिए असतं, हळू सुरू हळू बंद, त्यामुळे चेंडू जमिनीवर आपटायच्या ऐवजी उशीवर टेकल्यासारखा टेकतो. व्ही दाबून तिथलं हँडल (कर्व्हचा बाक ठरवणारी दांडी) व्हेक्टर म्हणजे सरळ केलं, कर्व्हला टोक आलं, आणि चेंडू टणकन उडाला. त्या दिवशी तो दोन सेकंदांचा तुकडा मी वीस-पंचवीस वेळा बघितला असेन. आता ब्लॉकिंग (आधी फक्त मुख्य पोझ लावणं) करताना सगळ्या की कॉन्स्टंट ठेवते, मधली हालचाल नाही, पोझ पटापट बदलताना दिसतात, आणि टायमिंग पटल्यावरच बेझिए. वॉक सायकलला (चालीचं एक आवर्तन) कॉन्टॅक्ट, डाउन, पासिंग, अप एवढ्या चार पोझ आधी नीट लावल्या की निम्मं काम होतं, उरलेलं निम्मं मात्र रडवतं.

गुरू नाही तर त्याच्या जागी काय, यावर बरेच उद्योग केले. रेंडर केलेला (सीनमधून तयार काढलेला) व्हिडिओ आडवा उलटा करून बघायचा, तोल गेलेला लगेच दिसतो. चार दिवस फाइलला हात लावायचा नाही, मग बघायचं, कारण ताजं ताजं सगळं छान वाटतं, आपला तो बाब्या. ऑनलाइन टाकलं तर 'मस्त', 'भारीच' येतं, त्याचा उपयोग शून्य, 'बाविसाव्या फ्रेमला गुडघा झटका देतोय का' असं नेमकं विचारलं तर नेमकं उत्तर येतं. आणि सगळ्यात उपयोगी पडला माझा धाकटा भाऊ. त्याला काहीही न सांगता क्लिप दाखवायची आणि विचारायचं, हा काय करतोय? त्याला अॅनिमेशनमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणूनच.

तक्रारी आहेतच. सायकल्स या ब्लेंडरच्या खऱ्यासारखं चित्र काढणाऱ्या रेंडर इंजिनवर माझ्या लॅपटॉपला एका फ्रेमला तीन मिनिटं लागत होती, दहा सेकंदांच्या २४० फ्रेम म्हणजे १२ तास. पहिल्यांदा थेट व्हिडिओ फाइलच रेंडरला लावून झोपले, १९० व्या फ्रेमला हँग, फाइल उघडेचना, साडेनऊ तास पाण्यात. पीएनजी सीक्वेन्स (प्रत्येक फ्रेमचं वेगळं चित्र) काढा, जिथे बंद पडेल तिथून पुढे सुरू करता येतं. सरावाला तर ईव्ही हे झटपट इंजिन किंवा नुसता व्ह्यूपोर्ट रेंडर (काम करताना दिसतं तसंच चित्र) पुरे. लॅपटॉपला नमपॅड (बाजूची आकड्यांची बटणं, ब्लेंडरमध्ये बघायची दिशा बदलायला लागतात) नसेल तर प्रेफरन्सेसमध्ये इम्युलेट नमपॅड आहे, पहिल्याच दिवशी चालू करा. मनगट फिरवताना मध्येच भलत्याच बाजूने गिरकी घेतं ते ऑयलर रोटेशनमुळे (फिरणं तीन अक्षांवर एकामागून एक मोजायची पद्धत), त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल, मलाही अजून ते नीट हाताळता येत नाही.

कोणी घ्यावं? हलणारी गोष्ट तासन्तास बघत बसायचा कंटाळा नसेल तर घ्या. तीन महिन्यांत शॉर्टफिल्म करायची असेल तर मला विचारू नका, माझ्याकडे ११ महिन्यांनी एक चेंडू, एक लंबक, दोन चाली आणि एक अर्धी उडी आहे.

सध्या एक माणूस जमिनीवरून जड खोका उचलतो ते करतेय. गुडघे वाकवले, पाठीला ताण दिला, उचलायच्या आधी आठ फ्रेम नुसता दम घेतो. परवा भावाला दाखवलं. तो म्हणाला, "ताई, खोका रिकामा आहे ना?"