ट्रिप होतो म्हणून एक स्टार? अहो त्याचं कामच ते आहे

या आरसीसीबीच्या, म्हणजे करंट कुठे गळला की आपोआप पडून लाइट तोडणाऱ्या स्विचच्या, रिव्ह्यूत जो तो एकच रडगाणं गातोय, "सारखा ट्रिप होतो, बेकार माल, परत केला". परत कसला करताय, आधी घरातली वायरिंग तपासून घ्या.

आम्ही इंदिरानगरला रिसेलचा फ्लॅट घेतला. बिल्डिंग जुनी, पण आतून रंगबिंग मारून एकदम चकाचक, मॉड्युलर स्विच, हॉलमध्ये पीओपी, कोणीही भुलावं. बाथरूममध्ये मात्र माळ्याखाली उघडा होल्डर आणि त्यात ९ वॅटचा बल्ब, तोही शॉवरच्या बरोब्बर वर. आणि लाइट चालू असला की गिझरच्या नळाला हात लावल्यावर मुंग्या यायच्या, लाइट बंद केला की काही नाही, गिझरचं बटण बंद असलं तरी तेच. आई म्हणे वास्तुशांत राहिलीये ना म्हणून. आम्ही वायरमनला बोलावलं.

डीबी, म्हणजे घरातला मेन स्विचचा डबा, उघडला तर आत नुसते एमसीबी. आता एमसीबी पडतो तो ओव्हरलोडला नाहीतर शॉर्टसर्किटला, माणसाला शॉक बसत असेल तर तो ढुंकूनही बघत नाही, कारण १६ अँपवाल्याला ०.०३ अँप म्हणजे काहीच नाही आणि आपल्याला तेवढंच जिवावर बेतू शकतं. म्हणून हा ३० मिलिअँपचा, म्हणजे तेवढाच ०.०३ अँप गळला की पडणारा आरसीसीबी लावला. फ्रिज चालू, मिक्सर चालू, सगळं ठीक, आणि बाथरूमच्या लाइटचं बटण दाबलं की खटकन अख्खं घर बंद!

वायरमनने होल्डर खोलला तर एक वायर लाल आणि दुसरी चक्क हिरवी. काळी, म्हणजे करंट परत नेणारी न्यूट्रल वायर पाइपात कुठेतरी तुटलेली, मग आधीच्या कोणा शहाण्याने भिंत फोडायचे कष्ट वाचवायला अर्थिंगच्या हिरव्या वायरीलाच न्यूट्रल करून टाकलेलं. जॉइंट माळ्यात कोंबलेला आणि त्यावरची टेप वाळून सुटत आलेली. तीच हिरवी वायर गिझरच्या बॉडीला, आणि ती जिथे जमिनीत उतरते तो खालचा अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत, त्यामुळे बल्बचा करंट जमिनीत नीट जायचा नाही आणि नळावर आपल्याला भेटायचा. आरसीसीबी एवढंच बघतो की फेजमधून, म्हणजे लाल वायरीतून, गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला का. ९ वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर साधारण ४० मिलिअँप घेतो, तो सगळा हिरव्या वायरीतून पळत होता, मग हा पडणारच ना. याला एक स्टार द्यायचा म्हणजे कुत्रा चोरावर भुंकला म्हणून त्यालाच हाकलायचं.

मग डीबीपासून नवीन न्यूट्रल ओढली, पाइप चोकअप होता म्हणून थोडी टाइल फुटलीच. गिझरला २.५ स्क्वेअर एमएमची वेगळी लाइन टाकली. खड्ड्याचं काम सोसायटीचं, त्यावर मीटिंगमध्ये जे रामायण झालं ते इथे नको. महावितरणला यात ओढू नका, मीटरच्या पुढची वायरिंग आपली आपणच बघायची असते.

सोबत बाथरूमसाठी आयपी ६५ चा (हे धूळ-पाणी रोखायचं रेटिंग) गोल लाइट घेतलाय. माळा ७ फुटांवर, आणि शॉवरच्या वरचा सव्वादोन मीटरपर्यंतचा भाग ओला धरतात, त्यामुळे उघडा होल्डर तिथे नकोच. ६५ मधला ६ धुळीसाठी, ५ पाण्याच्या फवाऱ्यासाठी. पण मागच्या भोकात वायरीला रबर बसवलं नाही तर हे सगळं पाण्यात, आणि यांनी ते रबर बॉक्समध्ये सुटं दिलंय, फिटिंगवाला हमखास विसरतो, म्हणून एक स्टार कापला. नॅचरल व्हाइट घ्या, कूल व्हाइट ओल्या टाइल्सवर फार चमकतो, आईला त्यात पाणी कुठे सांडलंय तेच दिसायचं नाही.

आरसीसीबीला पाच स्टार. टेस्टचं बटण अधूनमधून दाबत जा, पण त्याने फक्त हा स्वतः चालतोय एवढंच कळतं, अर्थिंग चांगलं आहे की नाही ते नाही कळत. आणि एमसीबी काढून त्याच्या जागी हा लावू नका, ओव्हरलोडला हा पडत नाही, दोन्ही लागतात. हे मॉडेल दोन पोलचं आहे, घरात थ्री फेज असेल तर चार पोलचं मागवा.