हॅन्ड-बेअरिंग कंपास : हतनूरच्या पाण्यावरील काही महिन्यांचा अनुभव

भुसावळपासून मुंबईचा समुद्र ४०० किलोमीटरहून अधिक लांब असल्यामुळे दिशादर्शनाचा सराव करायचा, तर आम्हांला हतनूर धरणाचा फुगवटाच गाठावा लागतो. डोळ्यासमोर धरून वाचायचा, द्रव भरलेला कंपास मी दिवाळीनंतर घेतला आणि तापी-पूर्णेच्या संगमाजवळ, चांगदेवकडच्या पाण्यात, ओळखीच्या भोई मंडळींच्या होडीतून तो उन्हाळाभर वापरला.

त्याचा खरा गुण म्हणजे तबकडीचे स्थिर होणे. होडी डुलत असताना साध्या होकायंत्राची सुई भिरभिरत राहते. यातली तबकडी मात्र काही क्षणांत थांबते आणि खूण व अंश एकाच नजरेत दिसतात. मंदिर, पाण्याची टाकी आणि मोबाइलचा मनोरा यांची बेअरिंगे, म्हणजे उत्तरेपासून अंशांत मोजलेल्या त्यांच्या दिशा, घेऊन त्या रेषा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर काढल्या की लहानसा त्रिकोण मिळतो व होडी साधारणपणे त्यात किंवा त्याच्या आसपास असते. हलत्या होडीत माझ्या हातून ३ अंशांची चूक सहज होते. खूण २ किलोमीटरवर असेल तर तिचा फरक सुमारे १०० मीटर, म्हणजे नकाशावर २ मिलिमीटर पडतो; पण २० किलोमीटरवरचे सातपुड्याचे शिखर धरले, तर तोच फरक एक किलोमीटरवर जातो. म्हणून स्थान काढताना सातपुडा वगळावा. सरळ रेषेत होडी नेताना मात्र तो उत्तम, कारण होडी थोडी सरकली तरी त्याचे बेअरिंग फारसे बदलत नाही. धरणाच्या काठाची वळणे तर खूण म्हणून धरूच नयेत. पाणी उतरले की नकाशातला काठ आणि डोळ्यांसमोरचा काठ यांचा मेळ राहत नाही.

आपल्या भागात खरी उत्तर (भौगोलिक ध्रुवाची दिशा) आणि चुंबकीय उत्तर (कंपास दाखवतो ती) यांतील फरक एका अंशाहूनही कमी असल्याने बेरीज-वजाबाकी न करता भागते. ही सोय शिकणाऱ्याला थोडी घातकच आहे, कारण इतर अनेक किनाऱ्यांवर हा फरक बराच मोठा असतो आणि तिथे दुरुस्ती टाळून चालत नाही.

तक्रार एकच, पण ती मोठी आहे. मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे सरकला तेव्हा, द्रवात बुडबुडा दिसू लागला. तो तबकडीला अडत नाही तोवर वाचन बिघडत नाही हे खरे. तरीही विक्रेत्याने पत्राला उत्तरही देऊ नये, हे पटणारे नाही. खानदेशात हे उपकरण उन्हातल्या गाडीत ठेवू नये, एवढी सूचना तरी सोबतच्या पत्रकात हवी होती.

वाचताना मोबाइल खिशातून काढून दूर ठेवावा आणि पोलादी काड्यांचा चष्मा असेल तर एकच बेअरिंग चष्मा लावून व काढून ताडून पाहावे, कारण कंपास डोळ्याला अगदी लागून धरला जातो. अंधारात चमकणारे आकडे टॉर्चचा प्रकाश दिल्यावर थोडाच वेळ टिकतात, त्यामुळे संध्याकाळी परतताना टॉर्च जवळ हवीच.