हाताने कोरलेला पट्टा की ठशाचा?

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातलं शेरिडन हे गाव काउबॉयच्या खोगिरांसाठी प्रसिद्ध. डॉन किंग या कारागिराने तिथे रुजवलेली नक्षी, म्हणजे गोल फिरणाऱ्या वेली आणि त्यात दाटीने बसवलेली छोटी फुलं, आज 'शेरिडन शैली' म्हणून ओळखली जाते. ती हाताने कोरलेल्या चामडी पट्ट्यावर असते, तशी मशीनने ठसा दाबलेल्या पट्ट्यावरही दिसते. दोन्ही शेजारी टांगलेले असले तर काय बघायचं?

आधी फुलाची कड. कारागीर ओलसर केलेलं कातडं फिरत्या पात्याच्या सुरीने कापतो, मग कापाच्या एका बाजूने ठोकणीने दाबत जातो. त्यामुळे कड खरोखर चिरलेली असते. पट्टा हलकेच वाकवला की ती रेघ किंचित उघडते. पाकळीत निमुळत्या होत विरणाऱ्या सुरीच्या रेघा तर मला सगळ्यात देखण्या वाटतात. ठशाच्या पट्ट्यात काप नसतोच. कडा गोलसर, खोली सगळीकडे सारखी.

मग एकच फूल पट्टाभर शोधा. मशीनच्या रोलरने दाबलेली नक्षी ठरावीक अंतराने जशीच्या तशी परत येते. हातच्या कामात दोन फुलं तंतोतंत जुळत नाहीत.

शिवणीवरून मात्र निकाल देऊ नका. दोन सुयांची हातशिलाई मजबूत खरी, पण उत्तम कोरणारे अनेक जण शिवायला मशीन वापरतात.

ठशाचा पट्टा रोजच्या वापराला मुळीच वाईट नाही. 'हातचं काम' अशी चिठ्ठी लावून कुणी तो विकत असेल, तर मात्र घेऊ नका.