पैसे देऊन घेतलेलं चौकशी फॉर्मचं प्लगइन: दीड वर्ष वापरल्यावर

लायसन्स रिन्यू करावं का, असं दोघा-तिघांनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितोय. उत्तर आधीच सांगतो: मी करणार नाही. प्लगइन (वर्डप्रेस साइटला जोडायचा तयार कोड) टाकाऊ आहे असं मुळीच नाही, काही बाबतींत ते मी वापरलेल्या सगळ्या फॉर्म प्लगइनांपेक्षा सरस आहे. पण सुरक्षेची दुरुस्ती लायसन्सच्या कुलपाआड ठेवायची आणि चेंजलॉगमध्ये, म्हणजे प्रत्येक आवृत्तीतल्या बदलांच्या यादीत, तिचा उल्लेखही करायचा नाही, अशा लोकांना पुन्हा पैसे द्यायची माझी तयारी नाही.

प्लगइनचं नाव इथे देत नाही. दुरुस्तीची आवृत्ती आलेली असली तरी लायसन्स संपलेल्या साइटींवर ती पोचलेलीच नाही. आज नाव लिहिलं तर त्या सगळ्या साइटींचा पत्ता मी भलत्यांच्या हातात दिल्यासारखं होईल.

आधी चांगलं ते. सगळी फीचर्स मोजत बसत नाही. गुहागरकडे माझ्या थोरल्या भावाचं घरगुती निवास आहे, त्याच्या वर्डप्रेस साइटवर चौकशीसाठी हा फॉर्म लावला. तारखा, माणसं, शाकाहारी की मासे, एवढंच विचारायचं होतं. त्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सीएसव्ही, म्हणजे आलेल्या चौकशा तक्त्याच्या रूपात उतरवून घ्यायची फाइल. बहुतेक प्लगइनांची सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की देवनागरी नावांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. कारण क्षुल्लक असतं, फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची (अक्षरं साठवायच्या पद्धतीची) खूण घातलेली नसते. यांनी ती घातली आहे. वहिनी दर महिन्याला फाइल उतरवतात आणि थेट एक्सेलमध्ये उघडतात, एकही नाव फुटत नाही. दुसरी चांगली गोष्ट म्हणजे चौकशांचं पान कोणत्या भूमिकेच्या युजरला दिसावं हे ठरवता येतं. त्यामुळे वहिनींना ॲडमिन, म्हणजे साइटचे सगळे अधिकार असलेला युजर, करावं लागलं नाही, फक्त मजकूर सांभाळणाऱ्या एडिटरवर भागलं. ही सेटिंग पुढे फार कामाला आली.

किंमत वर्षाला ४९ डॉलर. बँकेचं परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी धरला की साडेचार हजारांच्या घरात जातं. पावसाळ्यात तिथल्या एका खोलीचं दोन रात्रींचं भाडं तेवढंच येतं. पहिलं वर्ष संपल्यावर रिन्यू केलं नाही, कारण त्यांच्याच पानावर लिहिलंय की लायसन्स संपलं तरी प्लगइन चालू राहतं, फक्त अपडेट आणि सपोर्ट बंद होतो. फॉर्म नीट चालत होता, नवं काही नको होतं.

मग वहिनींचा व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट आला. "भाऊजी, या पाहुण्यांच्या नावाच्या जागी हे काय आलंय बघा ना. फोन नंबरही लागत नाही." चौकशांच्या यादीत एका ओळीत नावाच्या रकान्यात तुटक्या चित्राची ती छोटी खूण होती. बाकी सगळं साधं: खोल्या आहेत का, किती जण, कधी.

ज्यांनी हे प्रकार पाहिलेत त्यांच्या लक्षात आलं असेल. पानाचा सोर्स, म्हणजे मागचा कोड, उघडला तर नावाच्या जागी इमेज टॅग, म्हणजे चित्र दाखवायचा कोड, होता. चित्राचा पत्ता मुद्दाम खोटा आणि पुढे ऑनएरर. म्हणजे चित्र लोड झालं नाही की तिथली जावास्क्रिप्ट चालणार, आणि चित्र लोड होणारच नव्हतं. ती स्क्रिप्ट बाहेरच्या एका डोमेनवरून आणखी कोड ओढत होती. स्टोअर्ड एक्सएसएस, म्हणजे साठवलेलं क्रॉस साइट स्क्रिप्टिंग. कोणीतरी फॉर्म भरून जातो, मजकूर डेटाबेसमध्ये पडून राहतो, आणि साइटचा मालक डॅशबोर्डमध्ये ती नोंद उघडतो तेव्हा त्याच्याच ब्राउझरमध्ये, त्याच्याच लॉगिनवर तो चालतो.

सर्व्हरचा ॲक्सेस लॉग, म्हणजे साइटकडे आलेल्या मागण्यांची नोंद, काढला. वहिनींनी यादी उघडली त्याच मिनिटाला त्यांच्याच आयपीवरून नवा युजर बनवण्याच्या पानाची मागणी गेली होती, आणि पुढे आकडा होता ४०३. परवानगी नाही. एडिटरला युजर बनवता येत नाहीत म्हणून वाचलो. तिथे ॲडमिन लॉगिन असतं तर स्क्रिप्टने ते पान आणलं असतं, त्यातला नॉन्स (मागणी खरी आहे हे दाखवणारी खूण) उचलला असता आणि स्वतःसाठी नवा ॲडमिन बनवून घेतला असता. वर्डप्रेसच्या लॉगिन कुकी (लॉगिनची ब्राउझरमधली ओळख) एचटीटीपी-ओन्ली असतात, त्या जावास्क्रिप्टला वाचता येत नाहीत, त्यामुळे धोका नाही, असं काही जण सांगतात. इथे कुकी चोरायची गरजच पडत नाही, कारण ब्राउझर ती प्रत्येक मागणीबरोबर आपणहून पाठवतो.

हे काल-परवाचं नाही. नेमका असाच दोष २०१५ साली जेटपॅक या प्लगइनच्या कॉन्टॅक्ट फॉर्ममध्ये सुकुरी या वेब-सुरक्षा कंपनीला सापडला होता. तिथे ईमेलच्या खणातून मजकूर आत जायचा आणि ॲडमिनच्या फीडबॅक पानावर चालायचा, ३.७.१ मध्ये तो दुरुस्त झाला. पॉपअप बिल्डर या प्लगइनचा दोष, सीव्हीई-२०२३-६००० (सीव्हीई म्हणजे जाहीर दोषाचा नोंद क्रमांक), ४.२.३ मध्ये बुजवला गेला, तरी २०२३ च्या डिसेंबरपासून बलाडा इंजेक्टर नावाची हल्ल्यांची मोहीम चालवणाऱ्यांनी तोच वापरून ६,७०० हून अधिक साइटी बाधित केल्या. लाइटस्पीड कॅश या प्लगइनचा सीव्हीई-२०२३-४०००० तर २०२३ च्या ऑक्टोबरमध्येच ५.७.०.१ या आवृत्तीत दुरुस्त झाला होता. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात वर्डप्रेसमधले दोष शोधणाऱ्या डब्ल्यूपीस्कॅनने सांगितलं की जुन्या आवृत्तीच्या साइटींवर 'डब्ल्यूपीसप-युजर' (wpsupp-user) आणि 'डब्ल्यूपी-कॉन्फिगयुजर' (wp-configuser) नावाचे खोटे ॲडमिन बनवले जात आहेत. तुमच्या युजर यादीत ही नावं आहेत का ते आत्ताच बघून घ्या.

या शेवटच्या दोन्ही उदाहरणांत दुरुस्ती आधी आली आणि मार मागून बसला, ज्यांनी अपडेट केलं नव्हतं त्यांना. ती दोन्ही प्लगइनं फुकट मिळतात, तिथे अपडेट म्हणजे एक क्लिक. माझ्या डॅशबोर्डवर तो क्लिकच नव्हता, होती फक्त रिन्यू करा अशी पट्टी.

सपोर्टला तिकीट टाकलं. स्क्रीनशॉट, सोर्समधला तुकडा, लॉगची ओळ, सगळं जोडलं. उत्तर आलं: तुमचं लायसन्स संपलं आहे, रिन्यू केल्यास मदत करू. मी लिहिलं की मी मदत मागत नाहीये, तुमच्या कोडमधला दोष तुम्हाला कळवतोय. पुन्हा तेच उत्तर, शेवटी सवलतीचा कूपन कोड. त्या कूपनचा मला अजून राग आहे. कुकरच्या शिट्टीत दोष निघाला तर कंपनी शिट्टी बदलून देते, दुसरा कुकर घ्या म्हणत नाही. तोवर फॉर्म काढून पानावर नुसता फोन नंबर टाकला. हंगामाच्या तोंडावर चौकशा त्यामुळे कमी आल्या, हे नुकसान कुठल्याच कूपनमध्ये बसत नाही.

इथवर लिहून ठेवलं तेव्हा एकच तारा द्यायचं ठरवलं होतं. नंतर मत थोडं बदललं, ते का हेही सांगितलं पाहिजे.

तिकीट चालू असताना मी असे दोष नोंदवणाऱ्या एका सुरक्षा डेटाबेसला हा प्रकार कळवतोय असं लिहिलं, तेव्हा त्यांच्या एका डेव्हलपरने स्वतः मेल केला. बाई होत्या, अगदी सरळ बोलल्या. दोष मान्य केला, कारण सांगितलं आणि नव्या आवृत्तीची झिप फाइल पाठवली. जुना आणि नवा कोड शेजारी-शेजारी ठेवून वाचला. दोष असा होता: साध्या एका खणातलं नाव आलं तर ते स्वच्छ होत होतं. पण पहिलं नाव आणि आडनाव असे दोन खण असलेलं फील्ड वापरलं की मजकूर यादीच्या, म्हणजे ॲरेच्या, रूपात यायचा, आणि स्वच्छतेचं फंक्शन ॲरे दिसला की त्याला हात न लावता पुढे सोडून द्यायचं. दाखवतानाही एस्केप, म्हणजे टॅग न चालता नुसती अक्षरं दिसावीत अशी सोय, नव्हतं, कारण साठवलेलं स्वच्छच असणार असं धरून चाललेलं.

दुरुस्ती मात्र चोख आहे. ॲरेच्या आतला प्रत्येक तुकडा आता स्वच्छ होतो, आणि यादीच्या पानावर, तपशिलाच्या पानावर, छापायच्या पानावर, जिथे जिथे मजकूर दिसतो तिथे तिथे ऐन दाखवण्याच्या क्षणी एस्क-एचटीएमएल हे एस्केप करणारं फंक्शन लावलं आहे. यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं. नुसतं आत घेताना गाळलं असतं तर आधीच डेटाबेसमध्ये जाऊन बसलेल्या नोंदी तशाच विषारी राहिल्या असत्या. शक्य तितक्या उशिरा एस्केप करा असं वर्डप्रेसची स्वतःची मार्गदर्शिका सांगते, ते याचसाठी. ती जुनी नोंद मी नव्या आवृत्तीत उघडून पाहिली. नावाच्या रकान्यात इमेज टॅग नुसत्या अक्षरांत, निमूट पडलेला दिसला. हे काम ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

पण फाइलच्या तारखा पाहिल्या तर ही आवृत्ती माझ्या तिकिटाच्या कितीतरी आधी बाहेर पडली होती. म्हणजे दोष त्यांना माहीत होता. आणि चेंजलॉगमध्ये त्या आवृत्तीसमोर काय लिहिलंय? 'नवी थीम रंगसंगती. इतर किरकोळ सुधारणा.'

मी या एका ओळीवर अडून बसलोय, हे मला ठाऊक आहे. पण ज्याच्याकडे चालू लायसन्स आहे तोसुद्धा ही ओळ वाचून अपडेट पुढच्या आठवड्यावर ढकलेल. चालू साइटवर रंगसंगतीसाठी कोण घाईने अपडेट करतं? माझ्याकडे गुऱ्हाळवाल्यांची, शाळेची, भक्तनिवासाची अशा छोट्या साइटी आहेत, आणि कुठलं अपडेट आज रात्री करायचं न् कुठलं रविवारी, हे मी चेंजलॉग वाचून ठरवतो. शिवाय हल्लेखोर चेंजलॉगवर विसंबत नाही. तो मी केलं तेच करतो, जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवतो, आणि त्याला दोष तासाभरात कळतो. लपवाछपवीने अंधारात राहतो तो फक्त साइटचा मालक.

दुसरी तक्रार आणखी मोठी. मी त्या बाईंना विचारलं की ही झिप सगळ्या जुन्या ग्राहकांना का देत नाही. उत्तर वरून आलं: तुमच्यापुरता अपवाद केला आहे. मला अपवाद नको होता. जेटपॅकने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये काय केलं बघा. त्यांच्याही फॉर्ममध्येच दोष निघाला, वेगळ्या जातीचा: लॉगिन असलेल्या कुणालाही दुसऱ्यांनी भरलेले फॉर्म वाचता येत होते. २०१६ पासूनचा दोष होता. त्यांनी तो जाहीर केला आणि जुन्यातल्या जुन्यासकट १०१ आवृत्त्यांसाठी दुरुस्ती काढली. ते मोठे आहेत, मान्य. पण या प्लगइनवाल्यांना १०१ नाही, लायसन्स संपलेल्यांसाठी एकच फाइल खुली करायची होती.

चालू लायसन्सवाल्यांनी एवढं करा. आपल्याच फॉर्ममध्ये पहिल्या नावाच्या खणात ठळक अक्षरांचा बी टॅग लावून नाव भरा आणि डॅशबोर्डमध्ये ती नोंद उघडा. टॅग अक्षरांत दिसला किंवा गळून गेला तर ठीक. नाव ठळक दिसलं तर फॉर्म तातडीने बंद करा, मग प्लगइन कुठलंही असो. आणि नोंदी बघणाऱ्या माणसाला ॲडमिन ठेवू नका. एडिटरही पूर्ण सुरक्षित नाही, साध्या (मल्टिसाइट नसलेल्या) साइटवर त्याला पानात स्क्रिप्ट घालता येते, त्यामुळे जमलं तर त्याहून खालची भूमिका द्या. वहिनींसाठी आता नुसत्या चौकशा दिसणारी वेगळी भूमिका केली आहे.

सध्या साइटवर एक साधं फुकट फॉर्म प्लगइन आहे. त्याची सीएसव्ही एक्सेलमध्ये फुटते, वहिनींना दर वेळी इम्पोर्ट करून यूटीएफ-८ निवडावं लागतं आणि त्या कुरकुरतात. डेटाबेसवाल्यांकडे कळवलेलं प्रसिद्ध झालं की नाव सगळ्यांना कळेलच.

पाचपैकी दोन तारे. एक सीएसव्हीचा, एक भूमिकेच्या सेटिंगचा. चेंजलॉगची ती ओळ बदलून खरं कारण लिहिलं तर तिसरा देईन, आणि फाइल सगळ्यांना खुली केली तर ४९ डॉलरही.