‘ॲडव्हान्स्ड इंग्लिश’च्या नावाखाली २८,५७९ रुपये गेले, वर ४४,००० चे कर्ज डोक्यावर

आधीच सांगतो, खाली येऊन "शिकलेला माणूस असून फसला कसा" असे लिहिणार असाल तर राहू द्या. ते मला घरात, ऑफिसात आणि पोलीस ठाण्यात ऐकवून झाले आहे.

मी जळगावच्या एमआयडीसीत एका चटईच्या कारखान्यात एक्सपोर्टचे काम बघतो. मेल, इन्व्हॉइस, एलसीच्या (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पैशांची बँकेची हमी) अटी, सगळे इंग्रजीतच. लिहिता येते, वाचता येते. गाडी अडते फोनवर. पलीकडचा बायर भरभर बोलायला लागला की निम्मे डोक्यावरून जाते आणि शेवटी "मेल करा" म्हणून सुटका करून घ्यावी लागते. पुण्याच्या मुलाखतीही तिथेच अडल्या. तीस दिवसांत इंग्रजी शिकवणारे क्लास जळगाव-भुसावळला पैशाला पासरी आहेत, पण तिथे गाडी टेन्सच्या पुढे सरकत नाही. मला हवे होते त्याच्या पुढचे. आणि जाहिरात आली ती नेमकी तशीच: "बी-२ वर अडकलात? ९० दिवसांत सी-१." ज्याने कोणी ती लिहिली त्याला माणसाचे दुखणे कळते, एवढे मान्य करावे लागेल.

भाषा किती येते हे सांगणाऱ्या, ए-१ (अगदी सुरुवात) पासून सी-२ (सगळ्यात वरची) पर्यंतच्या या पायऱ्या खऱ्या आहेत. काउन्सिल ऑफ युरोप या युरोपातल्या देशांच्या संघटनेने २००१ मध्ये त्या मांडल्या. पण ती फक्त मोजपट्टी आहे. काउन्सिल स्वतः परीक्षा घेत नाही, सर्टिफिकेट देत नाही, कोणाच्या क्लासला मान्यताही देत नाही. निळ्या पट्टीवर पिवळ्या चांदण्या छापल्या म्हणजे युरोप मागे उभा आहे असे समजू नका.

जाहिरातीसोबतच्या फुकटच्या लेव्हल टेस्टबद्दल सविस्तर सांगतो, कारण रात्री अजून तेच आठवून दात-ओठ खातो. टेस्ट मी कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर दिली. व्हॉकॅब्युलरी झाली, ग्रामर झाले, रीडिंगचा उतारा झाला. लिसनिंगला आलो तर आवाजच येईना. प्लेचे बटण दाबतोय, गोल फिरतेय, ऐकू काही नाही. मागे जायची सोय नव्हती, म्हणून दिसेल त्या पर्यायावर टिक करत सुटलो. दोन मिनिटांत रिपोर्ट: "लिसनिंग ७४ टक्के. तुम्ही मजबूत बी-२ आहात. सी-१ पासून फक्त ११ गुण दूर."

एक अक्षर ऐकले नव्हते, आणि ७४ टक्के. फोन तिथेच बाजूला ठेवायला हवा होता. पण रिपोर्ट होता सहा पानी, रंगीत आलेखांचा. त्यात लिहिले होते की तुमचे इन्व्हर्जन आणि मिक्स्ड कंडिशनल्स हे ग्रामरचे भाग कच्चे आहेत. ते खरेच कच्चे आहेत! (कोणाचे नसतात?) मला वाटले, अंदाजाने काही बरोबर आली असतील. शिवाय ११ गुण हा आकडा असा आहे की माणूस परत फिरत नाही. ५० म्हटले असते तर मी फिरलो असतो.

पुढे सगळे उघड झाल्यावर चिडून तीच टेस्ट मी आमच्या नानांच्या हातात दिली. नाना अमळनेर तालुक्यात कपाशी करतात, इंग्रजीशी त्यांचा संबंध खताच्या गोणीवरच्या अक्षरांपुरता. नवीन नंबर टाकला, त्यांनी बोट पडेल तिथे दाबले. निकाल: मजबूत बी-२, सी-१ पासून ११ गुण दूर. नाना म्हणाले, "मन्हं इंग्रजी इतलं भारी शे, मंग तू कसाले पैसा भरात रे?" माय हसली. मला काही हसू आले नाही.

तर कोणतीही लेव्हल टेस्ट आधी मुद्दाम चुकवून बघा. सगळी उत्तरे चुकीची द्या. तरी कौतुक झाले तर समजून जा.

आता पैसे. ९९९ रुपये "सीट ब्लॉक" करायला, यूपीआयने. दुसऱ्या दिवशी कौन्सेलर मॅमचा फोन. फी ६४,५००. आज ८,५०० भरा, उरलेले ५६,००० चौदा हप्त्यांत, महिना ४,०००, व्याज शून्य. मी स्पष्ट विचारले, "मॅडम, हे कर्ज आहे का?" उत्तर: "नाही सर, आमचीच इन्स्टॉलमेंट फॅसिलिटी आहे. नको वाटली तर कधीही बंद करता येते." मग "व्हेरिफिकेशन"चे एकामागून एक तीन ओटीपी. एकाने माझा सिबिल तपासायची परवानगी गेली, दुसऱ्याने करारावर ई-सही झाली, तिसऱ्याने माझ्या खात्यातून हप्ता ओढायचे मँडेट बसले. मॅम फोनवर "सर, लिंक चार मिनिटांत एक्स्पायर होईल" असे सारखे म्हणत होत्या. करार मेलवर आला तो सही झाल्यावर. कर्ज देणारी कंपनी वेगळीच, एनबीएफसी, नाव मी आधी ऐकलेलेही नाही. प्रोसेसिंग फी १,१८० परस्पर कापली. आणि आठवड्याभरात "इंटरनॅशनल सर्टिफिकेट एक्झाम, अर्ली बर्ड" म्हणून ४,७२०.

व्याज शून्य असते ते असे: एनबीएफसी क्लासवाल्याला पैसे एकरकमी देते, थोडे कापून. म्हणजे व्याज तुमच्या फीमध्येच मुरलेले असते. पैसे पोचले की क्लासवाल्याला तुमच्याशी देणेघेणे उरत नाही आणि एनबीएफसीला क्लासशी. तुम्ही दोघांच्या मधोमध. कर्जाआधी की फॅक्ट स्टेटमेंट नावाचा कागद द्यावाच लागतो आणि त्यात कूलिंग-ऑफ, म्हणजे दंड न भरता बाहेर पडायची मुदत, लिहिलेली असते. तो कागद हातात आल्याशिवाय ओटीपी सांगायचा नाही. समोरून "लिंक एक्स्पायर होतेय" म्हणाले तर होऊ द्या.

रिफंड पॉलिसी सात दिवसांची. बॅच सुरू झाली नवव्या दिवशी. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण माझ्याच बॅचमधल्या धुळ्याच्या आणि शहाद्याच्या मुलांबाबतही हेच झाले.

कोर्समध्ये काय होते? "आमच्या रिसर्च टीमने निवडलेले ५७० पॉवर वर्ड्स" अशी एक पीडीएफ. प्रत्येक पानावर त्यांचा वॉटरमार्क, खाली "शेअर केल्यास कायदेशीर कारवाई". ती यादी आहे ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली, ५७० शब्दकुलांची (एका मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांचे गट), दहा भागांत, इंटरनेटवर फुकट मिळणारी. भागांचा क्रमसुद्धा बदललेला नव्हता. लिसनिंगच्या "प्रीमियम लायब्ररी"त बीबीसी लर्निंग इंग्लिशचे सहा मिनिटांचे कार्यक्रम, पुढचे-मागचे संगीत कापून. तेही फुकट आहेत, लेखी मजकुरासकट. ब्रिटिश कौन्सिलच्या लर्नइंग्लिश साइटवर सी-१ चे लिसनिंग आणि रीडिंगचे सराव एक रुपया न देता करता येतात. आज मी तेच करतोय. आधी मजकूर न बघता ऐकायचे, मग मजकूर समोर ठेवून, मग पुन्हा नुसते ऐकायचे. बायरचा फोन आता थोडा थोडा कळतो, याचे श्रेय त्या चोरांना नाही.

"एक्झाम पॅटर्न"ची तर गंमतच. आयेल्ट्स (IELTS) या इंग्रजीच्या परीक्षेला लिसनिंगचे ४० प्रश्न असतात, साधारण ३० मिनिटे, आणि रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात. केंब्रिजच्या सी-१ ॲडव्हान्स्ड परीक्षेत दोनदा. यांच्या सरावात हवे तितक्या वेळा मागे न्या, थांबवा, पुन्हा ऐका. मग वाटणारच की आपण सुधारलो.

ग्रामरच्या क्विझमध्ये मी पहिला आवाज केला. प्रश्न होता ‘नो सूनर’चा, आणि आन्सर-की म्हणते पुढे ‘व्हेन’ बरोबर. अरे बाबांनो, आपल्या स्टेट बोर्डाच्या दहावीत ‘ॲज सून ॲज’ काढून ‘नो सूनर... दॅन’ करायला लावतात, ते पाठ न झालेला पोरगा महाराष्ट्रात सापडायचा नाही. ‘व्हेन’ येते ‘हार्डली’बरोबर. ग्रुपवर हे लिहिले तर मेंटरचे उत्तर: "सर, अमेरिकन इंग्लिशमध्ये चालते." चालत नाही. कोणत्याच इंग्लिशमध्ये चालत नाही. पुन्हा लिहिले तर मला ग्रुपमध्ये मेसेज टाकता येईना.

आणि "लाइव्ह" क्लास. आमच्याकडे आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गडबड, माहेरवाशिणी आलेल्या, घरात पुरणपोळी चाललेली. मी कोपऱ्यात हेडफोन लावून बसलो, तर स्क्रीनवरचे लंडन-रिटर्न सर सुरुवातीलाच सगळ्यांना गणेश चतुर्थीच्या शुभेच्छा देत होते. चॅटमध्ये दहा-बारा जण "थँक यू सर, सेम टू यू" लिहून मोकळे! ते विद्यार्थी होते की त्यांचीच माणसे, देव जाणे.

त्याच रात्री पैसे परत मागितले. उत्तर: "तिकीट रेझ झाले आहे", म्हणजे तक्रार नोंदवली. काही दिवसांनी उत्तर आले, तिकीट बंद, सोबत एक पीडीएफ: माझे सी-१ सर्टिफिकेट. परीक्षा झालीच नव्हती, कोर्स अर्धाही झाला नव्हता. तक्रार केली म्हणून सर्टिफिकेट! त्यावर ना परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे नाव, ना पडताळणीचा नंबर. खऱ्या परीक्षेचा निकाल समोरची कंपनी किंवा विद्यापीठ थेट परीक्षा घेणाऱ्यांकडून तपासून घेऊ शकते. जिथे तशी सोय नाही ते सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावण्यापुरते.

तोवर हप्त्यांचे १२,००० गेले होते. पुढच्या हप्त्याला मी रागाने खाते रिकामे ठेवले. बाउन्स. बँकेने ५९० घेतले, एनबीएफसीने ५९० लावले. हे करू नका, सिबिल खाली येतो आणि उद्या घरासाठी कर्ज मागायला गेलात की हाच कागद समोर ठेवतात. मँडेट रद्द करायचा अर्ज आपल्या बँकेत लेखी देता येतो. माझ्या बँकेतल्या साहेबांनी मात्र "आधी कर्ज देणाऱ्याचे ना हरकत पत्र आणा" म्हणून अर्जच हातात घेतला नाही. चोराला विचारून कुलूप लावायचे. शेवटी पोच मागितली, नकार लिहून द्या म्हणालो, तेव्हा शिक्का उमटला.

पोलीस ठाण्यात तर काय सांगू. आधी हवालदार म्हणाले साहेब बंदोबस्ताला गेलेत. साहेब भेटले तर म्हणाले, "ओटीपी तुम्ही दिला, सही तुमची, कोर्सही मिळाला. यात गुन्हा कुठे? हे दिवाणी आहे." मी म्हटले, खोटे सांगून पैसे घेणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक आहे. तर म्हणे ऑफिस परराज्यात आहे, तिकडे जाऊन तक्रार करा. जळगावहून परराज्यात, ६४,५०० च्या भांडणासाठी! दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलेले आहे. ते मोबाईलवर काढून दाखवले. साहेब म्हणाले, "वकील आहेस का तू?" मग सायबरवाल्यांकडे पाठवले. ते म्हणाले हॅकिंग नाही, पासवर्ड चोरला नाही, आमच्यात बसत नाही, ठाण्यात जा. ठाणे म्हणते सायबर, सायबर म्हणते ठाणे. तिथल्या बाकावर माझ्या शेजारी रावेरकडचे एक केळीवाले काका बसलेले, त्यांचे व्यापाऱ्याने पैसे बुडवलेले. त्यांनाही "दिवाणी"च सांगितले. एवढे सगळे दिवाणी असेल तर हे ठाणे उघडे कशाला ठेवलेय? साधी पोच द्यायला सुद्धा माझ्या अर्जाची झेरॉक्स त्यांनी मलाच बाहेरून काढून आणायला लावली. वर सल्ला: "एवढे पैसे होते तर चांगला क्लास लावायचा ना." साहेब, चांगला समजूनच लावला होता.

वसुलीवाले मात्र तत्पर. रात्री साडेनऊला फोन, कारखान्यात एचआरला फोन, करारात रेफरन्स म्हणून टाकलेल्या मामांना फोन. थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फोन रेकॉर्ड करा आणि नियम ऐकवा. माझ्याकडे त्यानंतर फोन दिवसा येतात, एवढाच फरक. एनबीएफसीला आधी लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येते, फी लागत नाही. पैसे नुकतेच गेले असतील तर सगळ्यात आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. तासाभरात केलेला फोन आणि महिन्याने केलेला फोन यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

ज्या गोष्टीने थोडा धीर आला ती एका वकील मित्राने सांगितली: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. त्यांचे ऑफिस कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य, वकील सक्तीचा नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, तिथून काही हलले नाही, मग आयोगात अर्ज टाकला. क्लास आणि एनबीएफसी दोघांनाही पक्षकार केले आहे. एकालाच केले की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

पुराव्यात मी काय जोडले ते सांगतो, तुमच्याकडे असेल तर पुसू नका: जाहिरातीचा स्क्रीनशॉट, "कर्ज नाही" म्हणालेल्या मॅमचा कॉल (माझ्या मोबाईलमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड होतात, नशीब), ९९९ आणि ४,७२० च्या यूपीआय पावत्या, गणेश चतुर्थीचा व्हिडिओ, न दिलेल्या परीक्षेचे सर्टिफिकेट, आणि नानांचा बी-२ चा रिपोर्ट. शेवटच्या कागदावर वकील मित्र बराच वेळ हसत होता.

आता नवीन प्रकार सुरू झालाय. "रिफंड डिपार्टमेंटमधून बोलतोय, तुमचे ६४,५०० मंजूर झालेत, फक्त २,४९९ प्रोसेसिंग भरा." माझे नाव, बॅच नंबर, हप्त्याची तारीख, सगळे त्यांना पाठ. म्हणजे यादी आतूनच बाहेर गेलेली आहे. धुळ्याच्या त्या मुलाने हे २,४९९ ही भरले. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कोणाकडे ५७० शब्दांची ती वॉटरमार्कवाली पीडीएफ असेल तर सांगा. एकाच प्रकारच्या तक्रारी असतील तर आयोगात एकत्र अर्ज करायची सोय कायद्यात आहे, आणि माझी पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.